आवळलेले टाके

शेजारच्या सुमनमावशी नसत्या, तर माझ्या बाळाची गोधडी झालीच नसती. सातवीत शाळा सोडली तेव्हा शिवणाचा तास सुटला तो सुटलाच, आणि इथे सुरतेत मला शिकवायला माझं माणूस कोण?

आई गेल्यावर वहिनीने तिची सगळी मऊसूत पातळं बोहारणीला दिली आणि स्टीलचं पातेलं घेतलं. मला विचारलंसुद्धा नाही. ते पातेलं आठवलं की अजून डोकं तडकतं. माझ्याकडे चुकून राहिलेलं एकच जांभळं पातळ. ते दुमडून शिवायला बसले, तर कापडाला आठ्या पडल्या, कपाळाला पडतात तशा.

मावशी म्हणाल्या, "अगं, दोरा केवढा ओढतेस. कापड म्हणजे काय तुझी वहिनी आहे?"

हसू आलं, पण राग गेला नाही. वडिलांचं बंद पडलेलं घड्याळ माहेरी अजून जपून ठेवलंय. बाईचे कपडे मात्र ती गेली की लगेच जुने होतात. आजीच्या अंगावरचं माझ्या बाळाला मिळणार ते एवढंच, आणि तेही माझ्या हातून फाटलं तर?

मावशींनी टाके उसवले, पुन्हा घालायला लावले. शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत पोळीचा तुकडा ठेवायला सांगितला. गोधडी उपाशी ठेवू नये म्हणतात.

मावशी, तुमच्या घरी नातवंड येईल तेव्हा त्याची गोधडी मी शिवीन. वहिनीवरचा राग तोवर निवला नसेल कदाचित, पण दोरा सैल सोडीन.