पित्त म्हणजे कोणतं पित्त

बाळांनो, आमसुलं भिजवली की त्या आंबट वासाने मला अजून संताप येतो. तुमच्या आजोबांच्या अंगावर लाल गांधी उठल्या की आम्ही आमसुलाचं पाणी चोळतो. त्यालाही आपण पित्तच म्हणतो. त्यांना न्यूमोनिया झाला तेव्हा रुग्णालयात मी स्पष्ट सांगितलं, “पेनिसिलिनने यांच्या अंगावर पित्त उठतं.” संगणकावरच्या मुलीने ‘पित्त’ टाइप केलं, यादीतून पहिला शब्द निवडला आणि म्हणाली, “झालं, आजी.” तासाभराने नर्स इंजेक्शन घेऊन आली. बाटलीवरच्या नावाच्या शेवटी ‘सिलिन’ होतं, म्हणजे पेनिसिलिनच्याच घराण्यातलं. मी तिचा हात धरला. “अहो, ॲलर्जी असती तर कॉम्प्युटरने अडवलं असतं,” ती म्हणाली. पडद्यावर ॲलर्जीचा रकाना कोरा होता, आणि तक्रारीत लिहिलं होतं, ॲसिडिटी. डॉक्टर हसले. “आजी, सिस्टिममध्ये पित्त म्हणजे ॲसिडिटीच.” मी म्हणाले, “मग आपल्या सिस्टिमला एकदा आमसूल चोळा.” इंजेक्शन बदललं, पण माफी कोणीही मागितली नाही. आता आजोबांच्या खिशात मी इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी असते. पुण्यातल्या दवाखान्यात, मराठी डॉक्टरांसाठी, पित्ताचं भाषांतर!