वडगाव/येळीची फाईल

मोतीबिंदूच्या शिबिराची तारीख कानावर आली म्हणून वडगाव-येळीहून आलेल्या कावेरीबाईंचं नाव यादीत नव्हतं. लातूरच्या त्या धर्मादाय रुग्णालयात विशाखा संगणकाचं काम बघायची. रांग दारापर्यंत गेली होती. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मावशी, तुम्ही नाव दिलंच नसेल. वयानं विसरायला होतं."

"हाव, तसंच झालं असंल," म्हणत कावेरीबाई भिंत चाचपत वळल्या आणि मुरुडच्या बसला गेल्या.

दुपारी कळलं की कावेरीबाई सोडून वडगाव-येळीचं कुणीच आलं नव्हतं. गावोगावची नावं एकत्र यायची, विशाखाचा प्रोग्राम प्रत्येक गावाची वेगळी फाईल लिहायचा आणि त्या फाईलीवरून लोकांना फोन जायचे. फोल्डर उघडलं तर वडगाव-येळीची फाईलच नव्हती.

चाचणीच्या वेळी प्रोग्राम मध्येच अडला होता. मागे व्यवस्थापक वसंतराव उभे होते. त्यांच्यासमोर नाचक्की नको म्हणून तिनं दोन ओळी घातल्या होत्या: चूक आली तर गप्प पुढे जा. शेवटी पडद्यावर 'सर्व फाईली तयार' असं उमटलं आणि वसंतरावांनी शाबासकी दिली. कुठं अडलं होतं, हे तिनं नंतरही पाहिलं नाही.

आता तिनं त्या ओळी काढल्या. लगेच चूक दिसली: असा मार्ग सापडत नाही. दोन गावांची एक ग्रामपंचायत असली की नावांमध्ये तिरकी रेघ मारायची आपली रीत. संगणकाला ती रेघ म्हणजे फोल्डरच्या आत जायची वाट. तो वडगाव नावाचं फोल्डर शोधत होता, त्यात येळी नावाची फाईल लिहायला. तसं फोल्डर नव्हतंच. तिनं तिरक्या रेघेच्या जागी आडवी रेघ घातली आणि फाईल तयार झाली. कावेरीबाईंचं नाव सगळ्यात वर होतं.

कावेरीबाईंच्या घरी फोन लागेपर्यंत चार दिवस गेले. सून अयोध्यानं उचलला.

"आमच्या सासूबाई का? त्या तर गावभर सांगून राहिल्या, माझंच चुकलं म्हणून. आता घरातलं कायबी हरवलं की आम्ही त्यांनाच म्हणतो, तुमचं ध्यान न्हाई."

विशाखाचे कान तापले. कावेरीबाई फोनवर आल्यावर ती कशीबशी म्हणाली, "मावशी, कॉम्प्युटरमध्ये जरा गडबड झाली होती. पुढच्या शिबिरात तुमचं नक्की."

"मिशिनीचं काय बाई, चालायचंच. तुमचा काय दोष."

ठेवून देता आला असता फोन.

"मशीन नाही, मावशी. मी चुकले. तुम्ही नाव दिलं होतं."

"मग एवढं करा," कावेरीबाई म्हणाल्या, "अयोध्याला सांगा हे. थांबा, शेजारची चांगुणाबी बसलीय. अयोध्या, त्या फोनचा आवाज मोठा कर गं."

खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. बाजूच्या टेबलावर वसंतराव मान वर करून पाहत होते. विशाखा पहिल्यापासून सांगायला लागली.