कारणाचा रकाना

टाइम ऑफिसात उभी हयात काढलेल्या माणसाकडे किस्से साचतात कसे, हे विचारू नका. रजेचे अर्ज निदान फाइलला लावता येतात, काही वर्षांनी रद्दीत जातात. किस्से कुठे जाणार? ते डोक्यात राहतात आणि चार मित्र जमले, चहा आला की बाहेर निघतात. मग आमची बायको आतून म्हणते, "झालं यांचं मस्टर सुरू!"

तर मस्टरच. नव्वदच्या दशकातली गोष्ट. वर्ध्याहून जामकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची सूतगिरणी होती. मी बोरगाव मेघ्याहून सायकलवर यायचो. माझं काम हजेरी मांडायचं आणि रजेचे अर्ज घ्यायचं. त्या अर्जात एक रकाना असतो, 'रजेचे कारण'. माझी सगळी करमणूक त्या रकान्यात होती.

*

आमचे लेबर ऑफिसर जोशीसाहेब. पुण्याचे. कामगार कायदा कलमासकट पाठ, पण वऱ्हाडी पाहुणचार माहीत नाही. अर्जातल्या प्रत्येक कारणाखाली लाल रेघ मारून खुलासा मागायचे.

एकदा वायंडिंग म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यातल्या सुमनबाईंचा अर्ज आला. 'उद्या पोट दुखणार आहे, तरी एक दिवसाची रजा मिळावी.'

साहेबांनी बाईंना बोलावलं. "अहो, आजार आदल्या दिवशी कसा कळतो?"

"साहेब, आज भावाकडं रोडग्याचं जेवण हाय. मी सोताले वळखत नाई का?"

साहेबांनी मला हळूच विचारलं, रोडगे म्हणजे काय? मी सांगितलं, गोवरीच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे, वर तुपाची धार. पुढच्या आठवड्यात सुमनबाईंनी डबा भरून आणला. त्यानंतरच्या दिवशी साहेबच आले नाहीत!

*

युनियनचे सेक्रेटरी शालिकभाऊ. तेही वायंडिंगवरच. आवाज असा की गेटवर बोलले तर आत मशीनवर ऐकू यावं. एका वर्षी त्यांनी मॅनेजमेंटला बावीस मागण्या दिल्या. तीन दिवस वाटाघाटी चालल्या. एकवीस मागण्या 'विचाराधीन' राहिल्या आणि एक मंजूर झाली, कॅन्टीनच्या चहात अद्रक टाकायची.

शालिकभाऊ बाहेर आले, टेबलावर चढले आणि गरजले, "भावांनो, सुरुवात झाली हाय!"

लोकांनी जिंदाबाद केलं. अद्रकाचा चहा मात्र खरंच सुरू झाला, आणि तो फार चांगला होता.

मॅनेजमेंटशी इतकं भांडणारा हा माणूस, पण अकरा वर्षांत एक दिवस गैरहजर नाही. पूर्ण हजेरीचं बक्षीस म्हणून गिरणी दरवर्षी स्टीलचा डबा द्यायची. त्यांच्या घरी तसे अकरा डबे एका फळीवर ओळीनं मांडलेले होते. मी एकदा जेवायला गेलो तर वहिनी म्हणाल्या, "बारावा आला का फळी भरते पाहा."

*

आता कौसल्याबाई. ही बदली कामगार. म्हणजे कायमचा कामगार आला नाही, तरच हिला त्याच्या जागी काम. रोज पावणेसातला ती डबा घेऊन गेटवर उभी राहायची. मी आतल्या गैरहजेऱ्या मोजायचो आणि बाहेर नाव पुकारायचो. वायंडिंगच्या यादीत तिचा नंबर पहिला, पण सगळे हजर असले की तीही परत. समुद्रपूरकडच्या गावाहून एसटीनं येणं-जाणं, भाडं पदरचं. मला तिच्याकडे बघवायचं नाही.

बारा महिन्यांत दोनशे चाळीस दिवस भरले की बदलीला कायम करावं लागतं, असा नियम. म्हणून त्याआधीच नाव कापायचं, अशी वरची रीत. कौसल्याबाईचं दोनदा कापलं गेलं होतं.

मी एकदा विचारलं, कायम झालीस तर पहिलं काय करशील?

"मी सुट्टीचा अर्ज देईन," ती म्हणाली. "ज्याले नोकरीच नाई, त्याले सुट्टी कायची जी? एक दिवस आठ वाजेपरेंत झोपन, अन् पगारी झोपन!"

शालिकभाऊंशी तिचं जमत नसे. एकदा गेटमीटिंगमध्ये ते रंगात आले असताना तिनं मधेच सुनावलं होतं, "भाऊ, आटपा लवकर, माही बस जाऊन राह्यली!" सगळे हसले. शालिकभाऊ सहा महिने तिच्याशी बोलले नाहीत.

*

तिच्या तिसऱ्या वर्षी वायंडिंग खात्याला काय झालं कळेना. आठवड्याला तीन-तीन अर्ज! मामेभावाच्या साळीचं साक्षगंध. शेजारणीच्या लेकीचं डोहाळजेवण. एकीनं लिहिलं, 'गाय हरवली'. पुढच्या आठवड्यात तिचाच अर्ज, 'गाय सापडली'.

साहेबांनी विचारलं, "या बाईंकडे गाय आहे?"

मी म्हटलं, "नाही, साहेब."

दर अर्जाच्या दिवशी कौसल्याबाई आत. कॅन्टीनच्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर सुमनबाई तिच्या दर भरलेल्या दिवसाला कोळशानं टिंब देत होत्या. साहेबांना हे दिसत नव्हतं असं नाही. वरून त्यांना फोनही येत होते.

एके दिवशी त्यांनी मला विचारलं, "यांच्या खात्यावर रजा शिल्लक आहे ना?"

"आहे."

"मग कारण वाचणं आपलं काम नाही."

लाल रेघा मारणारा माणूस हा! मला तेव्हा त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू?

*

फेब्रुवारी संपायला एक दिवस उरला आणि कॅन्टीनमध्ये गोरसपाक, आमच्या वर्ध्याचं तुपातलं बिस्किट, वाटला गेला. दोनशे चाळीस भरले! मीही दोन तुकडे खाल्ले. मग सवयीनं मस्टर उघडलं, तर दोनशे एकोणचाळीस.

पुन्हा मोजलं. तेच. जुना-नवा दोन्ही कालनिर्णय काढून आणले आणि एकेक टिंब ताडून पाहिलं. नोव्हेंबरात एक टिंब जास्तीचं होतं. त्या दिवशी सगळे हजर होते, आणि कौसल्याबाई गेटवरून परत गेली होती.

"सुमनबाई, हे टिंब काऊन दिलं?"

"आली तं होती नं बिचारी!" सुमनबाई रडकुंडीला आल्या. "तिले काम नाई भेटलं, त्यात तिचा काय दोष?"

कायद्यापेक्षा त्यांचं टिंबच मला बरोबर वाटत होतं. पण एक तारखेपासून बदलीची नवी यादी लागणार होती आणि तीत कौसल्याबाईचं नाव नव्हतं. हाती फक्त उद्याचा दिवस होता. आणि वायंडिंगमध्ये रजा घेणाऱ्यांपैकी कुणाच्याही खात्यावर ती उरली नव्हती. विनारजा गैरहजर राहावं तर बोर्डावर नोटीस होती, निलंबन करू म्हणून.

*

सकाळी पावणेसात. मी देवाला म्हणत होतो, कुणाला तरी ताप येऊ दे. सगळे हजर. बाहेर कौसल्याबाई डबा धरून उभी.

शेवटी शालिकभाऊ आले. खिडकीवर हजेरीचं टोकन ठेवलं आणि म्हणाले, "अर्ज द्या एक."

"कोणाले?"

"मले. काऊन, आमाले सुट्टी नाई का?"

बारावा डबा महिन्यावर आला होता. मी अर्ज पुढे सरकवला. त्यांनी उभ्याउभ्याच अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'तब्येत एकदम ठणठणीत हाय.'

साहेबांनी अर्ज वाचला, खाली लिहिलं, 'मंजूर. काळजी घ्यावी.' आणि सही केली.

मी गेटवर जाऊन कौसल्याबाईचं नाव पुकारलं.

शालिकभाऊ घरी गेले नाहीत. समोरच्या टपरीवर तीन वाजेपर्यंत बसून राहिले. म्हणाले, दिवसाढवळ्या घरी जाऊन काय करतात तेच माहीत नाही.

*

साहेबांनी वर मस्टर दाखवलं, आणि कौसल्याबाई कायम झाली. दोन महिन्यांनी ती खिडकीशी आली, नवं टोकन पदराला पुसत. तिला लिहिता येत नव्हतं.

"बाबू, माहा अर्ज लिहून द्या. उद्याची सुट्टी."

मला इतका आनंद झाला की मी नवा पेन काढला. नाव लिहिलं, खातं लिहिलं, तारीख लिहिली. "कारण काय लिहू? आठपर्यंत झोप?"

ती गेटकडे बघत होती. तिथं बदलीच्या नव्या यादीतली मंदा उभी होती, हातात डबा. सलग तिसऱ्या दिवशी परत चालली होती.

"शालिकभाऊनं लिवलं होतं नं," कौसल्याबाई म्हणाली, "तेच लिहा."