भगतापेक्षा मोठा भगत

मुरारी साळवी महाडच्या एका हायस्कुलात प्रयोगशाळेचा शिपाई होता. कागदोपत्री त्याला परिचर म्हणत, पोरं मामा म्हणत आणि विज्ञानाचे फाटकसर साळवी म्हणत. अकरावीला इंग्रजीने त्याचा घात केला होता, पण वीस वर्षं परीक्षानळ्या धुणाऱ्या माणसाला नळीत काय होतं ते तिच्या बुडाशी राहिलेल्या डागावरूनच कळतं. वर्गात एखादा प्रयोग फसला की फाटकसर फळ्याकडे तोंड करून हळूच म्हणायचे, "साळवी, जरा बघा." मुरारी मागून यायचा, दिव्याची वात सारखी करायचा, नळी जरा तिरकी धरायचा आणि प्रयोग झाला की मागे निघून जायचा. टाळ्या सरांना. त्याचं मुरारीला काही वाटायचं नाही. त्याला चीड यायची ती वेगळ्याच गोष्टीची. एवढी गमतीची विद्या, आणि हा एम.एस्सी. झालेला माणूस ती सुतकी तोंडाने सांगतो! पोरांच्या जांभया बघितल्या की मुरारीला सरांच्या हातातला खडू काढून घ्यावासा वाटे.

एक्याऐंशी साली वरून फर्मान आलं की विज्ञान खेड्यापाड्यांत न्यायचं. फाटकसरांच्या वाट्याला करंजकोंड आलं. पोलादपूरच्या पुढे एसटीतून उतरायचं आणि दोन तास डोंगर चढायचा. विज्ञान सरांच्या डोक्यात होतं, त्याची पेटी मुरारीच्या डोक्यावर.

करंजकोंडच्या देवळासमोर माणसं जमली. पाटलांनी सरांना खुर्ची दिली. मुरारीने पेटी उतरवली आणि तो देवळाच्या पायरीपासून चार हात लांब, फणसाखाली उभा राहिला. तो बौद्धवाडीचा, हे कुणी विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. ही बातमी डोंगर चढायला दोन तास घेत नाही.

सर बोलू लागले. "वातावरणीय दाब हा पृथ्वीच्या पृष्ठभागावर सर्व दिशांनी सारखाच कार्य करतो." दहा मिनिटांत पाटील घोरायला लागले. बाया गुरांकडे बघायला उठल्या. सरांनी सोललेलं उकडलेलं अंडं चंबूच्या तोंडावर ठेवायला घेतलं, पण आत टाकलेला कागद तीनदा विझला.

"साळवी, जरा बघा."

मुरारी पुढे आला. कागद सुकवून पेटवला, चंबूत सोडला, तोंडावर अंडं ठेवलं. आणि या वेळी तो मागे गेला नाही. उठून निघालेल्या बायांकडे बघून तो ओरडला, "गो बायांनो, बसा जरा, गाडी सुटते!"

बाया थबकल्या.

"ही बाटली म्हंजे आपली पोलादपूरची एसटी. आत हवा खच्चून भरलेली. मी आत जाळ केला. हवेला चटका बसला, निम्मी हवा उतरून पळाली. आता जाळ इझला. आत जागाच जागा! भायेरची हवा बगते, अरे, गाडी रिकामी! पन दारात कोन उभा?"

"अंडं!" कुणीतरी म्हणालं.

"अंडं नाय, कंडक्टर! म्हनतो, जागा नाय, जागा नाय. पब्लिक ऐकंल काय?"

तेवढ्यात अंडं लांबलं, डुगडुगलं आणि डुबुक् करून आत पडलं. देवळासमोर जे हसू फुटलं त्याने पाटील दचकून जागे झाले आणि काय झालं ते न कळताच हसू लागले. म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या. एक जण म्हणाला, "आन आता कंडक्टरला भायेर कसा काडायचा?" मुरारीने चंबू उलटा करून त्यात फुंकर मारली आणि अंडं बाहेर काढलं. हवेला जोर असतो हे करंजकोंडला त्या दिवशी कळलं. कायमचं कळलं.

मग चहा आला. सरांना पाटलांच्या ओटीवर कपबशी. मुरारीला पाटलीणबाईंनी वळचणीत खोचलेला कानतुटका कप बोटाने दाखवला. तो कप त्याने स्वतः काढायचा, त्यात वरून चहा ओततील तो घ्यायचा आणि धुऊन परत वळचणीत ठेवायचा. आत्ता, घटकाभरापूर्वी, हीच बाई त्याच्या बोलण्यावर पोट धरून हसली होती! मुरारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फाटकसर बशीतल्या चहावर फुंकर मारत बसले होते आणि त्यांना एकाएकी समोरचा डोंगर फार बघण्यासारखा वाटू लागला होता. मुरारीने कपाला हात लावला नाही. पेटी उचलली आणि वाटेला लागला.

उतारावर सरांना राग आला, पण तो भलत्याच गोष्टीचा. "विज्ञान म्हणजे तमाशा नव्हे, साळवी. लोक हसले, पण त्यांना दाब कळला का?"

"घोरणाऱ्या पाटलांना तरी कुठं कळला होता, सर?" मुरारी म्हणाला.

घरी चंद्राबाईने, त्याच्या बायकोने, सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "येगळा कप दावला, तरी परत जायचं म्हनताव? लाज नाय वाटत?"

"अंडं आत पडलं तवा सगळी एका टायमाला हसली गो," मुरारी म्हणाला. "तेवडा येळ कुनाला कप आठवला नव्हता. तेवडा येळ मला वाडवायचा हाय."

मग दर रविवारी तो एकटाच निघू लागला. पिशवीत चंबू, हळद, चुना, लिंबं. बिरवाडीच्या पलीकडच्या वाड्या, पोलादपूरच्या वरचे कोंड, कुठे बोलावलं म्हणून, कुठे न बोलावता. हळदीच्या हातावर चुन्याचं पाणी सोडून तो तळवा लाल करायचा आणि म्हणायचा, "हळद सून हाय, चुना सासू. दोगी भेटल्या का घर लालेलाल!" बाया एकमेकींना कोपराने ढोसायच्या. शाळेत फाटकसर त्याला "काय तमासगीर?" म्हणू लागले. म्हणोत बापडे.

पुढच्या वर्षी शिमग्याच्या आधी तो पुन्हा करंजकोंडला चढला, तो मुद्दाम. तिथे चांगू भगत होता. कुणी आजारी पडलं की चांगू घुमायचा, लिंबू कापायचा, लिंबातून लाल रस यायचा आणि घरातल्यांची पाचावर धारण बसायची. मग कोंबडा, नारळ आणि चार दिवस अंगारा. त्या चार दिवसांत माणूस बरा झाला तर भगताने केला, मेला तर त्याचं प्राक्तन. हे ऐकून मुरारीचं डोकं फिरलं होतं.

त्या दिवशी त्याने आपल्या जन्मातला सगळ्यांत हसवणारा खेळ केला. केस पिंजारले, डोळे फिरवले, हुबेहूब चांगूसारखा घुमला. मध्येच थांबून म्हणाला, "थांबा, पाट खाजते," खाजवली आणि पुन्हा घुमायला लागला. पोरं जमिनीवर लोळली. मग त्याने सुरी काढून लिंबू कापलं. टपटप लाल रस. सगळे गप्प झाले. आणि मग त्याने सुरी वर धरून सांगितलं की हिच्यावर सकाळी जास्वंदीची फुलं चोळून वाळवली होती. आंबट रस लागला की जास्वंदीचा वाळलेला डाग लाल होतो. त्यात भूत नाही, खेत नाही. एका म्हातारीच्या हाती त्याने दुसरी सुरी दिली, फुलं चोळायला लावली आणि तिच्या हातून लिंबू कापून घेतलं. म्हातारीच्या लिंबातूनही रक्त आलं तेव्हा काय हशा पिकला! चांगू भगत डोकं खाली घालून घरी गेला. मुरारी डोंगर उतरला तो तरंगतच.

दिवाळी झाली. डोंगरात गवतकापणी सुरू होती. एका दुपारी नववीचं प्रात्यक्षिक चालू असताना शाळेच्या पटांगणात गलका झाला. मुरारी खिडकीतून बघतो तर फाटकाशी एक ट्रक आणि त्यातून उतरलेली चार माणसं डोली घेऊन उभी. बांबूला घोंगडी बांधलेली, आणि घोंगडीत एक बाई. तो धावला. बाईचा डावा हात दंडापर्यंत सुजून काळानिळा पडला होता. एक बोट करदोड्याने इतकं करकचून आवळलेलं की करदोडा मांसात रुतला होता. ओठांच्या कडेला रक्त होतं.

"करंजकोंडचा येसाजी मी," पुढचा माणूस म्हणाला. "ही माजी बायको, आवडी. गवत कापताना फुरसं डसलं, सकाळी." आणि तो धाडकन मुरारीच्या पायांवर पडला. कपाळ टेकलं, दोन्ही हातांनी पाय धरले. "बाबा, तुमीच वाचवा!"

ज्या गावाने त्याला वळचणीतला कप दाखवला होता, त्या गावाने भर पटांगणात त्याचे पाय धरले. माणूस म्हणून शिवायला चालत नव्हता, भगत म्हणून पायांवर डोकं ठेवायला चालत होता! मुरारीला त्या डोक्याला लाथ मारावीशी वाटली. खरंच वाटली. पण बाईच्या हिरड्यांतून रक्त येत होतं.

"उचला!" तो गरजला. "उचला आदी तिला!" आणि स्वतः बांबूला खांदा देऊन त्याने डोली दवाखान्याकडे धाववली. फाटकसर व्हरांड्यात आले होते. "बघितलंत, साळवी? हे तुमच्या तमाशाचं फळ," असं ते म्हणाले. मुरारीच्या खांद्यावर बांबू होता म्हणून सर वाचले.

डॉक्टरांनी आधी करदोडा कापला, मग सापाच्या विषावरची लस टोचली. मुरारीकडे वळून म्हणाले, "इतका उशीर? पोलादपूरलाच का नाही दाखवलं? तिथंही लस असते."

मुरारी तसाच येसाजीवर धावून गेला. "पोलादपूरवरनं आलास ना? ट्रकात बसून, दवाखान्याच्या दारावरनं? उतरला का नायस? डोळे फुटले होते काय?"

येसाजी भिंतीला टेकून उभा होता. पंचविशीचा तगडा गडी. "तुमी चांगूचं उतरवलंत," तो म्हणाला. "एकाचं केलेलं जो उतरवतो तो त्याच्यापेक्षा मोटा भगत. आमच्यात असाच मोटा कोन ते कळतं. चांगू सोताच म्हनला, माज्याच्यानं नाय व्हायचं, महाडच्या बाबाकडं न्या. लिंबातनं रगत काडनारा तो."

"अरे, पन ते खोटं होतं हे दावायलाच काडलं होतं!"

"व्हय. चांगूचं खोटं होतं," येसाजी म्हणाला. "तुमचं खरं."

मुरारीला सगळ्यांचा राग आला. येसाजीचा, चांगूचा, कप दाखवणाऱ्या पाटलीणबाईंचा, डोंगर बघत बसणाऱ्या सरांचा, आणि ज्यांनी फर्मान काढलं पण तो डोंगर कधी चढून बघितला नाही त्या वरच्या साहेबांचा. आठ दिवस तो शाळा सुटली की दवाखान्यात जायचा आणि बाकावर धुमसत बसायचा. चंद्राबाई डब्यात पेज पाठवायची, ती येसाजी आवडीला भरवायचा. त्या डब्याला कुणी काही म्हणालं नाही. म्हणालं असतं तर मुरारीने काय केलं असतं कुणास ठाऊक.

आवडी वाचली. करदोड्याने मारलेलं बोट मात्र काढावं लागलं. नवव्या दिवशी ती खाटेवर उठून बसली होती. मुरारीने मनात भाषण तयार करून आणलं होतं. बाबा नाही, भगत नाही, मी नळ्या धुणारा माणूस आहे आणि तुम्ही लोक किती अडाणी आहात, असं सगळं. त्याने तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

"मामा, रागवू नका, येक इचारते. तुमी भगताची फजिती केलीत. आमी पोट धरून हसलो. भगताकडं जायाचं नाय, ते समजलं. पन फुरसं डसलं का जायाचं कुठं, काय करायचं, काय बांदायचं नाय, ह्ये कुठं सांगितलंत?"

मुरारी स्टुलावर बसला. दोन वर्षांतले सगळे रविवार त्याच्या डोळ्यांसमोरून गेले. एसटी, कंडक्टर, सासू-सून, पाठीची खाज. हसू पिकवताना कुठल्याही कोंडावर त्याने एकदाही सांगितलं नव्हतं की पोलादपूरला दवाखाना आहे आणि त्यात लस आहे. त्याला वाटलं होतं की हे तर लोकांना ठाऊकच असणार. फाटकसरांनाही पृथ्वीच्या पृष्ठभागाबद्दल नेमकं हेच वाटायचं.

"नाय सांगितलं," तो म्हणाला. "चुकलं माजं."

"मग आता सांगा. मी वर जाऊन बायांना सांगीन." तिने पट्टी बांधलेला हात मांडीवर सावरून धरला. "पन हसवून सांगा हां. हसवलेलं ध्यानात ऱ्हातं. नुसतं सांगितलं तर बाया उटून जातील."

मुरारीने सांगितलं. हात हलवायचा नाही, करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही, चालवायचं नाही, डोलीत घालायचं आणि थेट पोलादपूरचा दवाखाना. आवडीने एकेक वाक्य परत म्हणून दाखवलं आणि मध्ये मध्ये ती त्याच्या तोंडाकडे बघत हसायची वाट पाहत राहिली. विनोद मात्र त्याला त्या दिवशी एकही सुचला नाही.