बंद खोलीतलं चाक

काही माणसं काळाच्या फार पुढं जन्माला येतात. गडमुडशिंगीत दस्तगीरभाईंच्या शोकसभेत हे तीन वक्त्यांनी सांगितलं. त्यांचं चाक नेमकं काय करायचं, हे तिघांनाही माहीत नव्हतं. मला माहीत होतं... ते थांबायचं.

दस्तगीरभाई एका कारखान्यात लेथवर टर्नर होते. मी कोल्हापुरात पदार्थविज्ञान शिकवायचो. निवृत्तीनंतर त्यांनी घरामागच्या खोलीत लोहचुंबकांवर चालणारं आडवं चाक बांधलं. वीज नको, डिझेल नको; एकदा ढकललं की ते कायम फिरणार आणि त्यावर गावाचे पंप चालणार. असं होत नसतं, हे मी वर्गात आयुष्यभर शिकवलं होतं. पण काम असं देखणं, की हात लावायला संकोच वाटावा. त्यांनी चाक तपासायला बोलावलं म्हणून पहिल्यांदा गेलो, तेव्हा चाक खरंच फिरत राहिलं. "मी एकटा असलो की रुसतंय," ते म्हणाले, "पावणं आलं की रंगात येतंय बघा." तिसऱ्या भेटीत माझ्या लक्षात आलं. पाहुणा आला की भाई आधी छताचा पंखा लावायचे. चुंबक बसवलेल्या पत्र्याच्या तिरक्या पट्ट्यांना तेवढा वारा पुरत होता. मी उठून पंखा बंद केला. चाक थांबायला बराच वेळ लागला.

ते खचतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पंखाच उतरवला, खिडक्या लावून फटींत कागद कोंबले. "आता हवेचं नाव काढायचं न्हाय, सर." रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना त्या कोंदट खोलीत ते दिवसभर बसू लागले. मार्चमध्ये त्यांच्या पत्नीनं, हमीदाभाभींनी, मला दारातच अडवलं. "तुम्ही व्हय म्हणाल्याबिगर खिडकी उघडणार न्हाय म्हणत्यात. एकदा म्हणा की व्हय! तुमचं काय जातंय?"

आत भाई घामानं निथळत होते. त्यांनी चाक ढकललं. ते फिरलं, मंदावलं, उभं राहिलं. मग आपोआप अर्धा फेरा घेतला... आमच्या दोघांच्या अंगाची ऊब वर चढून पट्ट्यांना लागत असणार. भाई माझ्याकडं बघत होते, निकालाच्या दिवशी मुलं बघतात तसं.

"फिरलं न्हवं, सर?"

"थांबलं," मी म्हणालो.

ते हसले. "मास्तर त्ये मास्तरच. फुडच्या म्हयन्यात या."

पुढच्या महिन्यात भाभींचा फोन आला. दुपारी चहा घेऊन गेल्या, तर ते चाकाशेजारी पडले होते. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहिलं. खिडक्या बंद होत्या, हे लिहायला त्या कागदावर जागा नसते. मी बरोबर होतो. अजूनही आहे, नियम काही बदललेला नाही.

गेल्या आठवड्यात जाऊन आलो. खोलीच्या खिडक्या सताड उघड्या आहेत. चाक जागेवरच आहे, त्याच्या आऱ्यांवर भाभींनी शेवया वाळत घातल्यात. तिथं हवा चांगली लागते, असं त्यांनी पडद्याआडून सांगितलं; नवऱ्यामागं पाळायची इद्दत अजून संपलेली नव्हती. एका दिवसात वाळतात.