तांदळाच्या डब्यातला फोन

फोन वाजत होता आणि मी तो तांदळाच्या डब्यात खुपसला. नुसता वर ठेवला नाही — कोपरापर्यंत हात घालून खाली दाबला, झाकण लावलं, झाकणावर परात ठेवली. तरी थरथर येतच होती. परातीत निवडलेली कोथिंबीर होती, तिची पानं हलत होती. ओट्यापाशी माझी सून दर्शना पाठमोरी उभी राहून चिंबोऱ्यांचे डेंगे, म्हणजे खेकड्यांच्या नांग्या, फोडत होती; त्या ठोक्यांत तिला फोन ऐकू गेला नाही. फोन तिचा होता. तिकडे उरणजवळ करंज्याला तिची आई मरणाला टेकली होती, आणि हे मला ठाऊक होतं. तिला नव्हतं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, देवालाही नाही. देवाला वेगळं काय सांगायचं — तो तिथेच बसला होता, पडद्यामागे.

आता सांगते. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे, मला गोड करून लिहिता येत नाही. आणि हे गोड करण्यासारखंही नाही.

गौरीजेवणाचा दिवस होता तो. आमच्यात गौर तिखटाची असते. लेक माहेरी आली म्हणून तिला आवडीचं खाऊ घालायचं — गणपतीपुढे पडदा ओढायचा आणि गौरीला चिंबोऱ्यांचा रस्सा, वडे, हळदीच्या पानातल्या पातोळ्या असा नैवेद्य दाखवायचा. चाळीस वर्षं हे जेवण कोन गावी, माझ्या थोरल्या जावेच्या घरी झालं. चाळीस वर्षं मी तिथे मागच्या पडवीत बसून कांदे सोलले. रस्सा ढवळायला पळी कधी हातात मिळाली नाही. "धाकटीला मिठाचा अंदाज नाही," असं ती पंगतीत सगळ्यांसमोर म्हणायची आणि वर हसायची. मी पण हसायचे. हसत हसत दात झिजले माझे.

त्या वर्षी तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि देव पहिल्यांदा आमच्याकडे पनवेलला आले. दोन खोल्या आणि हॉल, त्यात सत्तावीस माणसं. मुलगा, नितीन, म्हणाला, "आई, केटररला सांगू या." मी त्याच्या अंगावर ओरडले. केटरर? चाळीस वर्षं मी केटररसाठी थांबले होते का?

पण माझी बोटं तोवर वाकडी झाली होती. सांधेवात. साधं बरणीचं झाकण फिरत नव्हतं, तिथे चिंबोरी काय फोडणार? सगळा स्वयंपाक दर्शनाच्या जिवावर होता. कोळ्याची पोर, मासळीला तिचा हात असा की खाणारा ताट पुसून घेतो. पण नाव तिचं होणार नव्हतं. घर माझं, गौर माझी, नाव माझं. हे मी मनात आधीच ठरवलेलं होतं. चिंबोऱ्यासुद्धा तिच्या भावानेच आणून दिल्या होत्या — हरेशने. आदल्या संध्याकाळी ओल्या गोणपाटात बांधून आला, चहाला थांबला नाही. "बायच्या घरी पहिल्यांदा गौर येते, मावशी," म्हणाला. "मोठ्या मोठ्या बघून आणल्यान."

पहिला फोन सकाळी साडेदहाला आला. दर्शना नैवेद्याला हात लावायचा म्हणून पुन्हा आंघोळीला गेली होती. फोन फ्रिजवर होता. मी उचलला. हरेश होता.

"मावशी, बायला द्या."

"आंघोळीला गेलीय. काय ते बोल."

"आईसचा काय खरा नाय, मावशी. दम लागलाय. डॉक्टर घरी येऊन गेला, बोलला, आता हलवू नका, माणसं बोलवून घ्या. ती बायचाच नाव घेते. बायला लगेच धाडा. का मी गाडी घेऊन येऊ?"

"तू येऊ नको. पाठवते मी."

मिनिटभर झालं असेल. शब्द न् शब्द आठवतो मला. त्याचं बोलणं स्वच्छ होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

दर्शना केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली. "कोण होतं, आई?"

"राँग नंबर," मी म्हटलं.

किती सोपं होतं! बाई, लाजही वाटली नाही. माझं लक्ष गोणपाटाकडे होतं. त्यात चिंबोऱ्या अजून खरखर करत होत्या. ही गेली तर त्या कोण करणार? सत्तावीस माणसं येणार, पहिल्या गाडीत थोरली येणार, आणि मी काय वाढणार — वरणभात? तिचं ते हसू मला दिसत होतं. तुम्हाला वाटेल, म्हातारी गांगरली असेल. गांगरले नव्हते. मी हिशेबाने वागले. म्हटलं, दम लागला म्हणजे लगेच थोडंच काही होतं. दोनला जेवणं उरकली की पाठवू.

मग दुसरा फोन आला. पावणेबारा झाले होते, रस्सा अजून चुलीवर चढायचा होता. हरेशचं नाव दिसलं आणि मला कळलं की हा आता दुसरंच सांगणार. विहीणबाई गेल्या असल्या आणि ते माझ्या कानावर पडलं, तर दर्शनाला तीन दिवसांचं सुतक. मग तिने शिजवलेलं गौरीला चालणार नाही, सगळं टाकावं लागणार. पण सुतक कधी लागतं? ऐकल्यावर. जोवर ऐकलं नाही तोवर नाही — आमच्याकडे लहानपणापासून असंच ऐकत आले. म्हणून मी ऐकलं नाही. फोन तांदळात घातला. शास्त्राला फसवायला मला चौथीपर्यंतची शाळा पुरली.

आणि खरं सांगू? त्या वेळी विहीणबाई गेल्या नव्हत्या. त्या सव्वादोनला गेल्या. तो फोन फक्त "बाय निघाली का?" एवढंच विचारायला होता. तेव्हा जरी निघाली असती तरी गाठ पडली असती.

मधे एकदा तिने विचारलं. "आई, माझा फोन दिसला का कुठे? आईसला काल ताप होता, हरेशला विचारायचं होतं."

"असेल कुठेतरी. आधी वडे सोड, तेल धुरावलंय."

ती तेलाकडे वळली. सुना वळतात. मी पण चाळीस वर्षं वळत होते. मला ते ठाऊक होतं, म्हणून तर मी तसं बोलले.

जेवणं झाली. झकास झाली. जळो ते जेवण! माझा पुतण्या बोटं चाटत म्हणाला, "काकू, एवढी वर्षं हा हात कुठे लपवून ठेवला होतात?" पंगत हसली. थोरलीने दोनदा रस्सा मागून घेतला, वाटी तोंडाला लावली आणि म्हणाली, "बरा जमलाय हो." बरा! चाळीस वर्षांनी तिच्या तोंडून 'बरा' निघालं, आणि मी ते पदरात घेतलं. "बोटं वाकडी असली तरी अंदाज सरळ आहे," असं वर बोलले. दर्शना मागून गरम वडे आणत होती. तेव्हा सव्वादोन झाले होते की अडीच, ते मला सांगता येणार नाही. मी घड्याळाकडे बघतच नव्हते.

ती शेवटच्या पंगतीला बसली. मी तिच्या पानात वाढत राहिले. "अजून दोन वडे घे. पोटभर खा." आपल्यात म्हणतात ना, वाईट बातमी असली की आधी दोन घास खाऊ द्यावेत. मी त्या म्हणीचा बुरखा घेतला. तिने हात धुवायच्या आत मी फोन काढून आणला, पदराला पुसला. "हा बघ, फ्रिजच्या मागे पडला होता." अकरा फोन येऊन गेले होते. तिने तसाच उष्ट्या हाताने लावला. ऐकलं. आणि खाली फरशीवर बसली. रस्सा तिच्या बोटांवर वाळत होता.

थोरली म्हणाली, "नशीब, जेवणं झाल्यावर कळलं." सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या मुलाने पण हलवली. सत्तावीस माणसांतलं एकही म्हणालं नाही की हिची आई गेली हो. गणपतीपुढचा पडदा आता सरकवायचा का, यावर बोलणं सुरू झालं.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, हाच का तो कबुलीजबाब? नाही. इथवरचं मी कदाचित कुणाला तरी सांगितलंही असतं. पुढचं नसतं सांगितलं.

नितीनने गाडी काढली. मी पण गेले — न जाऊन कसं चालेल, लोक काय म्हणतील! उरणच्या रस्त्याला ट्रेलरची रांग, त्यात गणपतीची गर्दी. दिवेलागणीला पोहोचलो. लेकीसाठी थांबवून ठेवलं होतं. अंगणात जाळी बाजूला सारून बायका बसल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "दर्शना आली का, दर्शना आली का, हेच चाललेलं तिचा दुपारपरयंत."

हरेश पुढे आला. "आता आलीस, बाय? साडेदहाला सांगितलेला. मावशीनंच फोन उचललेला. 'पाठवते' बोलली."

दर्शनाने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. अंगणातल्या सगळ्या बायकांनी बघितलं. आमच्या दोघींच्या मधे विहीणबाई निजवलेल्या होत्या, नाकात कापूस घालून. बोलायचं तर तेव्हाच बोलायचं होतं.

आणि मी बोलले. म्हणाले, "फोन आला होता खरा. पण हा काय म्हणतोय ते मला कळेचना. जीभ जड होती त्याची. सणाच्या दिवशी हिला त्रास नको म्हणून राँग नंबर म्हटलं. मला वाटलं, नेहमीसारखाच —"

पुढचं बोलले नाही. गरज नव्हती. हरेश पितो हे सगळ्या बंदराला माहीत होतं. पण होळीपासून त्याने सोडली होती. आईसमोर बसून सोडली होती. दर्शनाने मला ते केवढ्या आनंदाने सांगितलं होतं, माझ्या हातावर पेढा ठेवून! मी तो पेढा खाल्ला होता. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. मला चांगलं माहीत होतं.

"मी प्यायलो नाय," तो म्हणाला. "आईसची शपथ, मी प्यायलो नाय."

मागून एक म्हातारा ओरडला, "आता तरी तिची शपथ खाऊ नको रे मेल्या!"

दर्शना एवढंच म्हणाली, "आजच्या दिवशी पण, हरेश?"

 हरेशने माझ्याकडे एकदा पाहिलं. चिडून नाही. त्याला बहुतेक वाटत होतं की मी आता दुरुस्त करीन, चुकून बोलले म्हणेन. वाट बघत होता तो. मी डोळ्याला पदर लावला.

त्याने महिन्याभरात परत प्यायला सुरुवात केली. मग काय, सगळेच म्हणायला मोकळे — बघा, होताच तसा.

पुढच्या नारळी पौर्णिमेला तो आमच्या बिल्डिंगच्या गेटवर आला, राखी बांधून घ्यायला. हातात मासळीची पिशवी होती. वॉचमनने वर फोन केला. दर्शना म्हणाली, "घरी कोणी नाही म्हणून सांगा." मी तिथेच सोफ्यावर बसले होते. खिडकीतून तो जाताना दिसला. पिशवी वॉचमनला देऊन गेला. माझ्या तोंडात जीभ होती, ती मी हलवली नाही. तो परत आला नाही.

मला कुणाचा राग येतो ते सांगू? थोरलीचा येतो. बोटं चाटणाऱ्यांचा येतो. त्या म्हाताऱ्याचा येतो. पण त्यांतल्या एकानेही फोन लपवला नव्हता. राग काढायला माणसं शोधत बसते आणि सगळी अपुरी पडतात.

सगळ्यात जास्त संताप कधी येतो माहीत आहे? दर्शना संध्याकाळी माझ्या बोटांना तेल चोळते. शेजारणी येतात, आणि ती त्यांना सांगते, "आई गेली त्या दिवशी सासूबाईंनी मला जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. आईच्या मायेने वाढलं." शेजारणी माझ्याकडे कौतुकाने बघतात. मी ओरडते तिच्यावर — "पुरे झालं, बोटं दुखतात!" तिला वाटतं, म्हातारी तापट आहे.

लेक म्हणून गौर जेवायला घातली मी, आणि घरातल्या लेकीला तिच्या आईपाशी जाऊ दिलं नाही. भीतीने नाही, गरजेने नाही. जावेला रस्सा खायला घालायचा होता म्हणून. नंतर स्वतःला वाचवायचं होतं म्हणून एका माणसाला दारुडा ठरवलं, त्याच्या आईच्या प्रेतासमोर. मला माफ करा असं मी लिहिणार नाही. कुणी केलं तर मला ते चालणारही नाही.

त्या दिवशी हरेश शुद्धीवर होता. दर्शनाला निरोप मिळाला नव्हता. आठ वर्षं झाली. ती आमच्याकडे पनवेलला आहे, तो करंज्याला दुसऱ्यांच्या बोटीवर जातो. दोघंही आहेत. एकमेकांशी बोलत नाहीत.