जात्यावर मागायचं औक्ष

रेडिओवर एखादी बाई एकटीच ओवी म्हणाया लागली की मला अजून चैन पडत न्हाई. वाटतं, हिची जोडीदारीण कुठं गेली? घरातल्या पोरी मला हसत्यात. हसू द्या.

आमच्याकडं ओवीला दोन तोंडं लागायची. जातं जड, खुंटा एक, त्याच्यावर हात दोघींचे. एकीनं पहिली ओळ उचलायची, दुसरीनं ती पुरी करायची. पुरी करणारी काय जोडंल ते उचलणारीला ठाऊक नसायचं, म्हणून तर त्याची गोडी. कुंभार पिंपळगावापासून कोसभरावर आमचं गाव. तिथं सून होऊन आले तेव्हा मी तोंडाची फटकळ आन् कामाची आळशी. पण थोरल्या जावेसमोर जात्यावर बसले की उठूच वाटायचं न्हाई. तिला मी अक्का म्हणायची. अक्का ओळ अशी मोकळी सोडायची की वाटायचं, ही माझ्यासाठीच ठिवलीया. मंग मी पण खोड्या करायची. तिनं सासूचं कौतुक उचललं की मी शेवटाला सासूच्या हातचं अळणी कालवण आणून ठेवायची. अक्का हसून हसून बेजार. आतून आत्याबाई, म्हंजे आमची सासू, ओरडायची, "दळून राह्यल्या का दात काढून राह्यल्या गं?"

खोडी फक्त एका ठिकाणी चालायची न्हाई. भावाची ओवी निघाली की पुरी करणारीनं भावाला औक्ष मागायचं. मागायचंच. अक्काला एकच भाऊ, पाठचा. रोज एक तरी ओवी त्याच्या नावाची, आन् रोज मी त्याला औक्ष मागायची. त्याला मी माझ्या लग्नातच काय ते बघितलेला. पण त्याच्यासाठी देवाला साकडं घालता घालता तो माझाच भाऊ झाल्ता.

निजामाचं राज्य जायच्या आधीचं ते गडबडीचं साल. हद्दीकडच्या गावांतली माणसं जाळपोळीच्या भीतीनं घराला कुलपं लावून हद्दीपल्याड वऱ्हाडात निघून गेल्ती. अक्काचं माहेर त्यातलंच. भाऊ तिला बाळंतपणाला न्यायला येणार होता, ते सोडून आईला आन् बायकोला गाडीत घालून वऱ्हाडात गेला. इकडं अक्काचा आठवा महिना सरत आल्ता. आधी दोनदा तिची कूस रिकामी झाल्ती. म्हणून घरात सगळी तिला जपून राह्यली होती, दळण तेवढं सोडू देत नव्हती. जात्यावर बसलं की सुटका सोपी जाती, असं आत्याबाईचं म्हणणं.

एक दिवस मनियारचाचा आले. गावोगाव बांगड्या भरत फिरायचे, त्यांच्याकडं चारी दिशांच्या खबरा असायच्या. अक्का आडावर गेल्ती. चाचा माझ्या हातात बांगडी चढवून राह्यले होते आन् मान खाली घालूनच ते आत्याबाईला म्हणाले, "मावशी, बडी बहू का भाई गुजर गया. उधर पटकी फैली थी. खबर बराबर है."

माझा हात त्यांच्या मुठीत होता, मला उठताही येईना. बांगडी तिथंच पिचून वाढवली. आत्याबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मंग माझी हनुवटी धरून म्हणाली, "सुटका होईस्तोवर तिला कळता कामा न्हाई. हाय खाल्ली तर हे बी लेकरू जाईल. तुझं तोंड लई सैल हाय, आधीच सांगते."

तोंड मी आवळलं असतं हो! पण जात्याचं काय करू? माझी आई सांगायची, जात्यावर मागितलेलं देव ऐकतो, म्हणून गेलेल्या माणसाला तिथं औक्ष मागू नये. ते घरातल्या जित्या जिवातून वजा होतं. आन् आमच्या घरात सगळ्यात कोवळा जीव कुठला, ते सांगायची गरज न्हाई. मागावं तर लेकराच्या जिवाला धोका. न मागावं तर अक्काला कळणार, आन् पुन्हा लेकराच्याच जिवाला धोका. मला रात रात झोप येईना.

मंग मी चलाखी केली. अक्कानं तोंड उघडायच्या आधी मीच ओळ उचलायची. राम, सीता, शेजारीण, शेजारणीचं मांजर, जिभंला सापडंल ते उचलायची. अक्का पुरी करायची आन् म्हणायची, "काय गं बये, हल्ली मला बोलूच देईनास!" मी खोटं खोटं हसायची. घामानं चोळी भिजायची.

पण किती दिवस? एका पहाटं मला ठसका लागला. तेवढ्यात तिनं ओळ उचलली. ओवीत भाऊ गाडी घेऊन आलाय, ती त्याच्या बैलाला वैरण टाकून राह्यलीय.

"गोठ्यात जाते बाई, वैरण टाकिते बैलाला..."

जातं फिरत होतं. गप बसता येईना, औक्षही मागवेना. मी म्हणाले,

"सावली करिते बाई, माझ्या पाठच्या भावाला."

जातं थांबलं.

"औक्ष का न्हाई मागितलंस?"

"इसरले."

"तू? इसरलीस?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ही आडवी पडती. मी आत्याबाईला हाक मारणार, तेवढ्यात तिनं खुंट्यावरच्या माझ्या हातावर हात दाबला. "कशानं गेला?"

"पटकीनं. वऱ्हाडात."

"आत्याबाईला ठाऊक हाय?"

मी मान हलवली.

"मंग मला कळलंय हे त्यांना कळू देऊ नको. आधीच धास्तावल्यात." तिचा दुसरा हात पोटावर होता. "मी आता रडले तर हे घाबरंल. ओढ तू."

मी ओढलं. त्यानंतरचे दिवस माझे कसे गेले ते मलाच माहीत. अक्का जात्यावर हसायची, आत ऐकू जावं म्हणून मोठ्यानं हसायची. आत्याबाई शेजारणीला सांगायची, हसतीया, म्हंजे बरं हाय. मी मात्र तिच्या तोंडाकडं बघत बसायची आन् घडीघडीला विचारायची, "अक्का, पोट दुखून राह्यलंय का?" ती वैतागायची. भावाची ओवी तिनं काढली न्हाई.

पोरगं झालं. चांगलं रडलं. बारसं उरकल्यावर आत्याबाई बाजेपाशी बसली आन् अडखळत अडखळत तिनं सांगितलं. अक्कानं असा हंबरडा फोडला की गल्लीतल्या बाया धावत आल्या. आत्याबाई मला म्हणाली, "बघ, बरं झालं लपवलं. किती लागलं तिला." कवाचं आत कोंडलेलं ते रडणं होतं, आन् ते मला एकटीलाच ठाऊक होतं.

सव्वा महिन्यानं अक्का पुन्हा जात्यावर बसली. पोरगं पलीकडं झोळीत. मी ओळीची वाट बघून राह्यले, तर ती म्हणाली, "आज तू उचल. त्या दिवशीचीच."

माझा जीव घाबरला. ती ओळ भावाशिवाय पुरी कशी होणार? पण तिनं खुंटा धरला होता. मी उचलली.

"गोठ्यात जाते बाई, वैरण टाकिते बैलाला..."

तिनं झोळीकडं बघितलं. वाटलं, ही आता रडती. मंग तिचा आवाज आला, साफ.

"औक्ष मागते बाई, मामाच्या भाच्याला."

माझ्या हातून खुंटा सुटला. मी पदरात तोंड घालून रडत बसले, आन् अक्का एकटीच जातं ओढत राह्यली.